हिरकणी खरी होती का? रायगडावरची मुलांची पुस्तके निवडताना

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही खारघरला राहतो. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मुलांसाठी छोटे वाचनालय सुरू करायचे ठरले आणि पहिल्या खरेदीचे काम माझ्याकडे आले. माझी मुलगी चौथीत आहे; शाळेत सध्या शिवचरित्र शिकवत असल्याने मी सुरुवातीला रायगडाच्या इतिहासावरची तीन पुस्तके आणली. तिन्ही वाचून मुलगी गोंधळली आहे. एका पुस्तकात हिरकणी ही घडलेली घटना म्हणून येते, दुसऱ्यात ‘ही केवळ दंतकथा आहे’ असे म्हणून दोन ओळींत तिची बोळवण केली आहे, तर तिसऱ्यात ती मुळी नाहीच. राज्याभिषेकाची तारीख एकात ६ जून आहे, दुसऱ्यात १६ जून आणि तिसऱ्यात नुसतीच तिथी. सिंहासनाचे वजनही तिन्हीकडे वेगळे. मुलीने माझ्या सासऱ्यांना विचारले, “आजोबा, हिरकणी खरी होती का?” ते फार दुखावले. असे प्रश्न विचारायला लावणारी पुस्तके घरात नकोत, असे त्यांचे म्हणणे आहे. यांतले कोणते पुस्तक वाचनालयात ठेवावे? आणि इतक्या लहान मुलांना हे सगळे फरक सांगावेत का?
एक वाचक, खारघर

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

कोणते पुस्तक ठेवावे याचे उत्तर मी पुढे देतेच; पण आधी तुमच्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू या, कारण रायगडावरचे एखादे बालपुस्तक चांगले आहे की सुमार, हे ओळखण्यासाठी त्यातले हिरकणीचे पान उघडून पाहण्याइतका खात्रीचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

हिरकणीची गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. गडाखालच्या वाडीतली ही गवळण दूध घालायला वर गेली, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, पहारेकऱ्यांनी नियमावर बोट ठेवले आणि घरी तान्हे बाळ एकटे असल्याने ती अंधारात कडा उतरून खाली गेली. महाराजांच्या कानावर ही हकिगत गेली तेव्हा त्यांनी साडीचोळी देऊन तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधून त्याला तिचे नाव दिले. तो बुरूज आजही उभा आहे आणि हिरकणी बुरूज म्हणूनच ओळखला जातो. मात्र शिवकाळातल्या कागदपत्रांत तिचे नाव मिळत नाही. ती आपल्यापर्यंत पोहोचली आहे ती पिढ्यान्पिढ्या सांगणाऱ्यांच्या तोंडून. तेव्हा मुलीला द्यायचे प्रामाणिक उत्तर असे, की बुरूज खरा आहे, गोष्ट लोकांनी जपलेली आहे आणि त्या गोष्टीला दुजोरा देणारा त्या काळचा लेखी पुरावा आपल्या हाती नाही. हे उत्तर चौथीतल्या मुलीला सहज समजते. तिच्या जन्माची तारीख दाखल्यावर लिहिलेली आहे आणि त्या रात्री घरात कोणाची कशी धावपळ उडाली हे आजोबा सांगतात. दाखल्यावर धावपळ नाही म्हणून आजोबांचे सांगणे ती खोटे मानत नाही आणि शाळेच्या अर्जावर मात्र दाखल्यावरचीच तारीख लिहावी लागते, हेही तिला ठाऊक आहे.

या कसोटीवर तुमची तिन्ही पुस्तके मला अपुरी वाटतात. हिरकणीची कथा नोंदवलेल्या घटनेच्या थाटात सांगणारे पुस्तक मुलांच्या विश्वासाचा गैरफायदा घेते. मूल मोठे झाल्यावर त्याला खरे काय ते कळते, तेव्हा त्याचा त्या पुस्तकातल्या पक्क्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. ‘केवळ दंतकथा’ असे म्हणून हात झटकणारे पुस्तकही मला तितकेच नापसंत आहे, कारण शेकडो वर्षे लोकांनी ही कथा का सांगत ठेवली, राजाच्या बलाढ्य गडाच्या इतिहासात त्यांनी एका दूधवालीला का बसवले, हा विचार करण्याची संधी ते मुलांना देतच नाही. आणि कथा गाळणारे पुस्तक गडाचे एक अंगच गाळते. मला हवे असलेले पुस्तक हिरकणीला दोन-तीन पाने देईल, तिची कथा कड्याच्या काळोखासह आणि बाळाच्या ओढीसह रंगवून सांगेल, आणि सुरुवातीला किंवा शेवटी स्पष्ट लिहील की ही लोकांनी सांगितलेली गोष्ट आहे. एवढ्या एका वाक्याने गोष्टीची गोडी रतीभरही कमी होत नाही.

तुमच्या सासऱ्यांविषयी दोन शब्द इथेच लिहिते. नातीच्या प्रश्नात त्यांना आपल्या श्रद्धेवरचा, कदाचित आपल्या वडीलधाऱ्यांवरचा अविश्वास ऐकू आला असावा. त्यांच्याशी वाद घालू नये आणि मुलीलाही गप्प करू नये. तिला एवढेच सांगावे, की आजोबांना पुढचा प्रश्न विचार: “आजोबा, ही गोष्ट तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितली? तेव्हा तुम्ही कुठे राहत होता?” जे काही ते सांगतील ते तिने वहीत त्यांच्या नावानिशी लिहून ठेवावे. मौखिक परंपरा कशी चालत येते, हे तिला कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या पानावर अधिक चांगले दिसेल. आणि आजोबांनाही आपण खोटे ठरलो नसून त्या परंपरेतला एक दुवा आहोत, हे उमगेल. एवढे झाल्यावर पुस्तकांवरचा त्यांचा राग टिकेल असे मला वाटत नाही.

आता तारखांकडे येऊ. इथे तुमच्या तिन्ही पुस्तकांनी खरे तेच लिहिले आहे, पण एकानेही ते समजावून सांगितलेले नाही. राज्याभिषेक झाला तो शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. त्या दिवशी इंग्रजांच्या दिनदर्शिकेनुसार ६ जून १६७४ ही तारीख होती. पण तेव्हा इंग्रज जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरत. आज आपण वापरतो ती ग्रेगोरियन पद्धत इंग्लंडने १७५२ मध्ये स्वीकारली. सतराव्या शतकात दोन्हींमध्ये दहा दिवसांचा फरक होता, म्हणून आजच्या पद्धतीने मोजले तर तोच दिवस १६ जून ठरतो. गडावर राज्याभिषेकाचा सोहळा तारखेने ६ जूनला आणि तिथीने पुन्हा एकदा होतो, याचे अनेक मुलांना कुतूहल असते. त्याचे उत्तर या एका परिच्छेदात मिळते. बालपुस्तकात एवढा परिच्छेद मावत नाही, ही सबब मला पटत नाही. दिनदर्शिका कशी बदलली, ही मुलांना आवडणारीच गोष्ट आहे.

सिंहासनाच्या वजनाचे कोडे थोडे वेगळे आहे. सिंहासन बत्तीस मण सोन्याचे होते, हा उल्लेख येतो तो कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीत. ही बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे १६९७ च्या सुमारास लिहिली गेली, म्हणजे राज्याभिषेकानंतर सुमारे तेवीस वर्षांनी, तमिळ प्रदेशातल्या एका दूरच्या किल्ल्यावर. त्यातच मण हे माप सगळीकडे आणि सर्व काळी सारखे नव्हते, त्यामुळे जो लेखक जो मण धरतो त्याप्रमाणे त्याचे किलो निघतात. पुस्तकात किलोचा आकडा ठणकावून दिला असेल आणि बखरीचे नाव नसेल, तर लेखकाने दुसऱ्या एखाद्या पुस्तकातून तो उचलला आहे असे समजावे. ‘सभासद बखरीत बत्तीस मण असे लिहिले आहे’ हे वाक्य पूर्णपणे खरे आहे आणि मुलांना कळायलाही सोपे आहे. याच बखरीत महाराजांनी राजधानीसाठी हा डोंगर का पसंत केला याचेही सुंदर वर्णन आहे: चहूकडून तासल्यासारखे कडे, पावसाळ्यात त्यांवर गवतही उगवत नाही, दौलताबादपेक्षा कितीतरी उंच, तेव्हा तख्तासाठी हाच गड योग्य. मुलांच्या पुस्तकात हे वर्णन सोप्या भाषेत असायलाच हवे, कारण पुण्याच्या पठारावरचा राजगड सोडून कोकणातल्या या डोंगरावर राजधानी का आणली, हा प्रश्न नकाशा पाहणारे कोणतेही चुणचुणीत मूल विचारतेच.

बखरी आणि कथा यांच्याही पलीकडे, गडावर एक असा पुरावा आहे की जो मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येतो, आणि त्याला पुरेशी जागा देणारी बालपुस्तके मला फार थोडी दिसतात याची खंत वाटते. जगदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीत एक संस्कृत शिलालेख आहे. त्यात हे मंदिर छत्रपतींच्या आज्ञेने बांधले, असे सांगून पुढे वर्ष दिले आहे ते असे: ‘शाके षण्णवबाणभूमिगणनात्’. आकडा कुठेच नाही, आहेत ते फक्त शब्द. षण् म्हणजे सहा, नव म्हणजे नऊ. मदनाचे बाण पाच, म्हणून बाण म्हणजे पाच. आणि भूमी एकच, म्हणून भूमी म्हणजे एक. सहा, नऊ, पाच, एक. आता जुन्या प्रघाताप्रमाणे हे अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे, की १५९६ हे शक निघते आणि त्यात ७८ मिळवले की इसवी सन १६७४. चौथीतल्या मुलांना कागद-पेन्सिल देऊन हे सोडवायला लावले, तर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो सिंहासनाच्या दहा चित्रांनीही दिसत नाही. कारण इथे कोणी त्यांना तारीख सांगितलेली नसते. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या दगडावरून त्यांनी ती स्वतः काढलेली असते.

त्याच शिलालेखात पुढे गडावरच्या विहिरी, तळी, बागा, खांब, राजवाडे यांचे वर्णन येते आणि हे सारे हिराजीने निर्माण केले, ते चंद्र-सूर्य असेपर्यंत नांदो, असा आशीर्वाद येतो. हा हिराजी म्हणजे गडाचे बांधकाम पाहणारे हिरोजी इंदुलकर. मंदिराच्या पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर’ अशा शब्दांसह त्यांचेच नाव कोरलेले आहे. काम पाहून प्रसन्न झालेल्या महाराजांनी बक्षीस विचारले तेव्हा हिरोजींनी धन न मागता, आपले नाव कोरलेला दगड पायरीला बसवण्याची परवानगी मागितली, म्हणजे दर्शनाला जाता-येता महाराजांची पायधूळ त्यावर पडेल, असे सांगतात. इथे पाहा, एकाच जागी दगडातला पुरावा आणि लोकांनी सांगितलेले संभाषण शेजारी शेजारी उभे आहेत. चांगला लेखक मुलांना म्हणेल: पायरी जा आणि पाहा, संभाषण ऐका आणि मनात ठेवा. तुम्ही वाचनालयासाठी नवे पुस्तक घ्याल तेव्हा हिरकणीनंतर हे दुसरे पान उघडून पाहा. त्यात शिलालेखाचा पत्ताच नसेल आणि संभाषण मात्र अवतरणचिन्हांत पानभर असेल, तर ते पुस्तक परत ठेवायला हरकत नाही.

तिसरे पान उघडावे ते हत्तींचे. राज्याभिषेकाच्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन मुंबईहून तहाच्या बोलणीसाठी रायगडावर आला होता आणि नारायण शेणवी त्याचे दुभाषे होते. त्याने जे पाहिले ते लिहून ठेवले. सिंहासनाच्या बाजूंना भाल्यांच्या टोकांवर लावलेली मोठ्या दातांच्या माशांची सोन्याची तोंडे, घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाचे चिन्ह म्हणून समतोल धरलेला सोन्याचा तराजू, हे सारे त्याच्या वर्णनात आहे. राजवाड्याच्या दाराशी त्याला दोन छोटे हत्ती आणि दोन देखणे घोडे दिसले, आणि इतक्या अवघड वाटेने हे प्राणी वर आणले तरी कसे, असा प्रश्न त्याला पडला. हाच प्रश्न मुलांनाही पडतो. पिल्ले असतानाच वर आणून ती गडावर वाढवली असतील, हे पुष्कळांनी दिलेले उत्तर आहे. ते तर्काला धरून आहे, पण तर्कच आहे. पुस्तकाने ऑक्झेंडनचा प्रश्न मुलांपुढे ठेवला आणि ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारले, तर त्याला माझे पैकीच्या पैकी गुण.

ऑक्झेंडनच्या मुक्कामातलीच आणखी एक हकिगत जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टराच्या प्रवासवर्णनात आहे आणि ती बालपुस्तकांत का येत नाही याचे मला नेहमी नवल वाटते. इंग्रज पाहुण्यांना रोज मांस लागे. त्यांना ते पुरवणारा खाटीक म्हातारा होता. एवढ्याशा दिवसांत या लोकांनी आपल्याकडून जितके मांस घेतले तितके आपण गेल्या कित्येक वर्षांत विकले नव्हते, तेव्हा हे खाणारे आहेत तरी कोण, हे पाहायला तो मुद्दाम डोंगर चढून वर आला. राज्याभिषेकाच्या वर्णनांत राजे, पंडित, सरदार आणि वकील असतात. हा म्हातारा मात्र क्वचितच भेटतो. गडावर आणि गडाखाली राहणारी, दूध-मांस विकणारी, पाणी वाहणारी, दगड घडवणारी माणसे ज्या पुस्तकात दिसतात, ते पुस्तक मुलांना अधिक जवळचे वाटते, असा माझा अनुभव आहे.

चित्रांबाबत थोडे सावध राहावे. रायगडावरच्या इमारतींचे आज बहुतेक ठिकाणी जोते आणि भिंतींचे अवशेष उरले आहेत. लाकडी खांब, माड्या, छपरे नष्ट झाली आहेत. त्यामुळे राजवाड्याचे प्रत्येक चित्र हे चित्रकाराचे अनुमान असते, आणि काही चित्रकार तर राजस्थानातल्या महालांचे घुमट आणि जाळ्या सरसकट रायगडावर आणून बसवतात. ज्या पुस्तकात एका पानावर आजच्या चौथऱ्याचे छायाचित्र आणि समोरच्या पानावर ‘हे असे असावे’ म्हणून काढलेले चित्र आहे, ते पुस्तक डोळे झाकून घ्यावे. बाजारपेठेचेच पाहा. दोन ओळींत उभे असलेले ते उंच जोते पाहून घोड्यावर बसल्या बसल्या खरेदी करता यावी म्हणून ते इतके उंच बांधले, असे सर्रास सांगितले जाते. पण कोकणातला पाऊस पाहिलेल्या मुलाने ‘पाणी आत शिरू नये म्हणून असेल का?’ असे विचारले, तर त्याला चूक म्हणता येईल का? पुस्तकाने अशा शंकेला जागा ठेवायला हवी.

एका गोष्टीबाबत मात्र मी आग्रही आहे. बहुतेक बालपुस्तकांत रायगडाचा इतिहास राज्याभिषेकाशी किंवा फार तर महाराजांच्या निधनाशी, म्हणजे ३ एप्रिल १६८० ला संपतो. वास्तूचा इतिहास तिथे संपत नाही. १६८९ मध्ये याच गडावर राजाराम महाराजांचे मंचकारोहण झाले. त्यानंतर मोगलांचा वेढा पडला, राजाराम महाराज निसटून पुढे जिंजीला पोहोचले, आणि त्याच वर्षी गड पडल्यावर येसूबाई व बालशाहू मोगलांच्या कैदेत गेले. शाहू महाराजांच्याच कारकिर्दीत, १७३३ मध्ये, गड पुन्हा मराठ्यांकडे आला. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने तोफांचा मारा केला, राजवाड्याला आग लागली आणि गड इंग्रजांच्या ताब्यात गेला. दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होत्या. पुढे रान माजले. १८६९ मध्ये महात्मा फुले यांचा महाराजांवरचा पोवाडा प्रसिद्ध झाला, १८८३ मध्ये जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने समाधीच्या दुरवस्थेबद्दल कळकळीने लिहिले, १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी उभारण्याची चळवळ हाती घेतली आणि १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला. आज हा गड राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले, त्यांत रायगड आहे आणि बखर जिथे लिहिली गेली ती जिंजीही आहे. आज आपण पाहतो तो गड असा पडका का आहे, हे ज्या पुस्तकातून कळत नाही, त्याने मुलाला अर्धाच रायगड दाखवला असे मी म्हणेन. दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलांना उद्ध्वस्त होणे आणि पुन्हा उभे राहणे या दोन्ही गोष्टी कळतात; त्या त्यांच्यापासून लपवण्याचे कारण नाही.

टकमक टोकावरच्या कडेलोटाचे वर्णन पहिली-दुसरीच्या मुलांच्या हाती पडू नये, एवढी काळजी घ्यावी. पाचवीपुढच्या मुलांना ते चालते. आणि तुमच्या सोसायटीत सर्व धर्मांची, सर्व प्रांतांची मुले असणार, म्हणून प्रत्येक पुस्तकातली शत्रूंची वर्णने एकदा स्वतः वाचून पाहावीत. लढाया आदिलशाहीशी, मोगल बादशाहीशी, सिद्दीशी, इंग्रज कंपनीशी झाल्या, त्या सत्तांची नावे घेऊनच त्या सांगाव्यात. शेजारी बसून वाचणाऱ्या एखाद्या मुलाला ‘हे माझ्या घरच्यांबद्दल लिहिले आहे’ असे वाटावे, अशी भाषा ज्या पुस्तकात आहे ते कितीही सुबक छापलेले असले तरी वाचनालयात आणू नये.

आता तुमचा मूळ प्रश्न. तिन्ही पुस्तके ठेवा. एकेकटे पुस्तक अपुरे आहे, पण तिन्ही एकत्र ठेवली तर ती एकमेकांना तपासतात, आणि तुमच्या मुलीला प्रश्न पडला तो तिन्ही वाचल्यामुळेच. कपाटात ती शेजारी शेजारी लावा आणि प्रत्येकाच्या आतल्या बाजूला एक कोरा कागद चिकटवून मुलांना त्यावर लिहू द्या: ‘या पुस्तकात तारीख १६ जून आहे, कारण...’ किंवा ‘हिरकणीची गोष्ट लोक सांगतात.’ चौथे पुस्तक घ्यायचे झाल्यास घाई करू नका. मागवण्याआधी ते हाताळायला मिळावे म्हणून एखाद्या रविवारी ठाण्याला या. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून इथे उभे आहे. अशा जुन्या ग्रंथालयात बसून दोन-तीन पुस्तकांतली हिरकणीची, पायरीची आणि हत्तींची पाने ताडून पाहिली, तर ऑनलाइन मुखपृष्ठ पाहून केलेल्या खरेदीपेक्षा ती निवड नक्कीच सरस होईल. सभासद बखरीची छापील प्रतही पाहून घ्या. सासऱ्यांना ती वाचायला आवडेल आणि नातीला त्यातला राज्याभिषेक ते मोठ्याने वाचून दाखवू शकतील. त्या जुन्या गद्याचा ठेका कानावर पडणे, हाच मुलांसाठी एक वेगळा संस्कार आहे.

गड दाखवायला न्यायचे असेल तर पावसाळा सरल्यावर जा. खारघर रायगड जिल्ह्यात येते, त्यामुळे तुमच्याकडच्या मुलांना किल्ला जवळच असेल असे वाटण्याचा संभव आहे. जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते आणि किल्ला दक्षिणेला महाड तालुक्यात आहे, हे निघण्याआधी नकाशावर दाखवा. सासऱ्यांना चढ झेपणार नसेल तर रोपवे आहे. वाटेत पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी थांबा. राज्याभिषेकानंतर दोन आठवड्यांच्या आतच त्या गेल्या, हे मुलांना ठाऊक नसते. गडावर वेळ कमी पडला तर बाकीचे सोडून द्या, पण जगदीश्वराच्या मंदिरापर्यंत जाच, आणि शिलालेखातले ते चार शब्द वहीत लिहून न्या.

राहिले ते हिरकणीला घडलेली घटना म्हणून सांगणारे पुस्तक. त्याच्या सुरुवातीच्या पानावर प्रकाशकाचा पत्ता असेल. तुमच्या मुलीला त्यांना एक पोस्टकार्ड लिहू द्या: पुस्तक आवडले, हिरकणीची गोष्ट तुम्हाला कुठे मिळाली ते कळवा, आणि पुढच्या आवृत्तीत तसे छापाल का? मुलांच्या अशा पत्रांना उत्तर देणारे प्रकाशक मराठीत आहेत. उत्तर आले तर ते त्याच पुस्तकात चिकटवून ठेवा, आणि मलाही कळवा.